हात कुणी लावला नाही, तरी दिवा लागतो: टच स्विचबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात टच स्विचवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकाला ढकललेत. बहुतेकांची तक्रार एकच, दिवा आपोआप लागतो नाहीतर आपोआप बंद होतो, आणि बऱ्याच जणांनी स्विच बदलूनही बघितलाय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, स्विच बदलायच्या आधी त्याला वीज कशी मिळतेय आणि त्याच्या मागे-पुढे काय काय कोंबलंय ते बघा, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

प्रश्न: नमस्कार सर, फ्लॅटचं इंटिरियर केलं तेव्हा हॉल आणि पॅसेजला काचेचे टच बोर्ड बसवले. आता किचनमध्ये मिक्सर लावला की हॉलमधला प्रोफाइल लाईट (अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला एलईडी) आपोआप लागतो, लागलेला असला तर बंद होतो. रात्री दोन-अडीचला पण मधूनच लागतो. दुकानदाराचा माणूस बोर्ड बदलून गेला, नवीन बोर्ड पण तेच करतो. सासूबाई म्हणतात जुनी खटक्याची बटणंच बरी होती. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नवीन बोर्डही तेच करतोय ना, मग दोष बोर्डात नाही हे जवळजवळ ठरलं, आता तिसरा मागवू नका.

टच स्विचला दाब कळत नाही, त्याला कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, कळतो. काचेच्या मागे एक तांब्याची चकती किंवा स्प्रिंग असते, बोट काचेवर आलं की तिचा कपॅसिटन्स अगदी थोडा, म्हणजे काही पिकोफॅरड वाढतो. आतली चिप सेकंदाला कितीतरी वेळा हे मोजत असते आणि कुणी हात लावलेला नसताना जो आकडा येतो तो लक्षात ठेवून त्याच्याशी ताडून बघते, फरक ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तिच्या लेखी बोट आलं. आता ही चिप ज्या ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालते ते व्होल्टच जर हलले तर मोजमाप पण हलतं, आणि बोट आलं की पॉवर हलली हे तिला वेगळं ओळखता येत नाही. मोबाईलवर तुम्ही हे बघितलं असेल, हलका चार्जर लावला की स्क्रीन आपोआप चालायला लागते, टाइप करताना भलतीच अक्षरं उमटतात, चार्जर काढला की सगळं ठीक. तुमच्या बोर्डात तेच चाललंय.

मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, ते कम्युटेटरवर घासताना बारीक ठिणग्या पडतात आणि तो सगळा नॉइज, म्हणजे विजेतला खडखडाट, वायरिंगमधून घरभर जातो. रात्री दोनला मिक्सर नसतो पण फ्रीज असतो, त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना झटका देतो, सोसायटीचा पंप असेल तर तोही. शिवाय रात्री लोड कमी झाला की बऱ्याच भागात व्होल्टेज चढतं.

पहिलं काम फुकटचं आहे. बोर्डाशेजारी एक कागद चिकटवा आणि दिवा आपोआप लागला की वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू-बंद झालं ते लिहा, घरात सगळ्यांना सांगा लिहायला. आठवडाभरात चित्र स्पष्ट होतं. फ्रीजबरोबर लागतोय, लिफ्टबरोबर लागतोय की पंख्याचं बटण बंद केल्यावर लागतोय हे कळलं की अर्धं काम झालं, आणि वायरमनला पण "कधीपण होतं हो" असं सांगण्यापेक्षा हा कागद दाखवलेला बरा.

मग चांगला वायरमन बोलवा, मेन स्विच बंद करून बोर्ड उघडायला लावा आणि स्वतः शेजारी उभ्या राहून बघा. आत काय दिसेल ते मी सांगतो, कारण इंटिरियरच्या घाईत हे फार होतं: प्रोफाइल लाईटचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, फॉल्स सीलिंगमध्ये ठेवायच्या ऐवजी जागा मिळाली म्हणून टच बोर्डाच्याच मेटल बॉक्समध्ये सरकवलेला असतो, आणि उरलेली सगळी वायर गुंडाळून सेन्सरच्या पाठीला चेपलेली असते. एलईडी ड्रायव्हर म्हणजे स्विचिंग सप्लाय, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, आणि सेन्सरपासून दोन बोटांवर ठेवला तर सेन्सरला चैन कशी पडणार! ड्रायव्हर तिथून काढून वर सीलिंगमध्ये न्या. जादा वायर कापून टाका किंवा बॉक्सच्या तळाशी नीट बसवा, काचेच्या मागच्या प्लेटला एकही वायर टेकता कामा नये.

त्याच वेळी न्यूट्रलचे स्क्रू आवळून घ्या, बोर्डातले आणि डीबीमधले (मेनच्या वितरण पेटीतले) सुद्धा. ढिला न्यूट्रल असला की मिक्सर, फ्रीज असं काही मोठं चालू झालं की तेवढ्यापुरतं व्होल्टेज डचमळतं, आणि सगळ्यात आधी ते टच स्विचला कळतं. मेटल बॉक्सला अर्थिंग जोडलंय का तेही बघा, नुसती हिरवी वायर आत दिसतेय म्हणजे जोडलीय असं नाही, तिचं दुसरं टोक कुठे जातं ते मीटर लावून तपासा.

आणि एक विचारा, या बोर्डाला न्यूट्रल आहे का? जुन्या वायरिंगमध्ये स्विचबोर्डात फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर असते, तिथे बिनन्यूट्रलचा टच स्विच बसवतात. असा स्विच स्वतःला लागणारी वीज दिव्यातूनच चोरून घेतो. जुन्या ६० वॉटच्या बल्बवर ते खपून जायचं, ५-७ वॉटच्या एलईडीवर स्विचला पुरेशी वीज मिळत नाही, त्याचा आतला सप्लाय पडतो, चिप रिसेट होते आणि आपल्याला वाटतं दिवा आपोआप लागला. अशा स्विचबरोबर डब्यात एक छोटा कपॅसिटर देतात, तो दिव्याला पॅरलल लावायचा असतो, बरेच वायरमन तो डब्यातच ठेवून जातात. डबा असेल तर शोधा. नाहीतर न्यूट्रल ओढून घेणं हाच पक्का उपाय, थोडं तोडफोडीचं काम आहे पण नंतर डोक्याला ताप नाही.

एवढं करूनही मिक्सरचा त्रास राहिला तर मिक्सरचे ब्रश बदलून बघा, झिजलेले ब्रश जास्त ठिणग्या मारतात. तो स्वस्तातला उपाय आहे आणि मिक्सरचंही भलं होतं. शिवाय बोर्डाच्या इनकमिंगला फेज-न्यूट्रलमध्ये एक एमओव्ही (व्होल्टेजचा झटका गिळणारा भाग) आणि चांगला ईएमआय फिल्टर (वायरीतला नॉइज अडवणारा) लावता येतो.

एक काळजी घ्या. बऱ्याच स्वस्त टच बोर्डांत आतलं सर्किट मेनपासून वेगळं केलेलं नसतं, मीटरवर ५ व्होल्ट दिसले तरी तो अख्खा भाग फेजवर असू शकतो. त्यामुळे सर्किटच्या ग्राउंडला घराचं अर्थिंग जोडायचा प्रयोग कुणीही करू नका, आणि काचेला तडा गेला असेल तर त्या बोर्डाला हात लावणं बंद करा, आधी मेन बंद आणि मग काच बदला.

प्रश्न: दादा, मी आयटीआयला आहे. आज्जीच्या देवघरात टच लाईट करून दिलाय. टीटीपी २२३ मॉड्यूल (टचची चिप असलेली छोटी पाटी), ५ व्होल्टचा रिले (कॉइलनं चालणारा खटका), १२ व्होल्टची एलईडी पट्टी. ५ व्होल्ट जुन्या मोबाईल चार्जरवरून घेतलेत. सेन्सर म्हणून लाकडाच्या मागे तांब्याची पट्टी चिकटवलीय आणि तिथून दोन फूट वायर मॉड्यूलपर्यंत आणलीय. हात लावला की रिले टक टक टक करत चालू-बंद होतो, आणि आज्जीनं समई उचलली तरी लाईट लागतो. सेन्सिटिव्हिटी कमी कशी करायची? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आज्जीसाठी केलंस हे फार आवडलं, आता ते नीट चालेल असं करूया. सेन्सिटिव्हिटीकडे सगळ्यात शेवटी येऊ.

आधी टक टक. रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते, जुना चार्जर आणि बारीक वायर असली की रिले ओढताना ५ व्होल्ट क्षणभर खाली येतात आणि सोडताना कॉइलचा उलटा झटका बसतो. त्याच ५ व्होल्टवर तुझा टच मॉड्यूल बसलाय. तू मॉड्यूल टॉगल मोडवर टाकला असणार, म्हणजे बी पॅड सोल्डरनं जोडलेला, एकदा हात लावला की चालू, पुन्हा लावला की बंद, मग त्या प्रत्येक झटक्याला चिपला वाटतं पुन्हा बोट आलं, ती आउटपुट उलटं करते, रिले सुटतो, परत झटका, परत बोट. हे चक्र सेन्सिटिव्हिटी कमी करून थांबत नाही, थोडं लांबतं फक्त.

खात्री करून घ्यायची असेल तर मॉड्यूलला तीन पेन्सिल सेल लाव, ४.५ व्होल्ट, आणि रिले चार्जरवरच ठेव, दोघांचं ग्राउंड मात्र एक कर. टक टक थांबली तर गुन्हेगार सापडला. त्यानंतर रिले काढून टाकून आउटपुटला नुसता एक एलईडी ठेवून चार्जर पूर्ण बाजूला कर, म्हणजे चार्जरचा नॉइज किती होता तेही कळेल. या टेस्टला पॉवर बँक वापरू नको, मॉड्यूल इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळात स्वतःच बंद होतात आणि तुला वाटेल मॉड्यूल बिघडला.

आता खरा इलाज. तुझी पट्टी १२ व्होल्ट डीसीची आहे, मग रिले हवाय कशाला? तो काढूनच टाक. त्याच्या जागी लॉजिक लेव्हल मॉसफेट, म्हणजे ५ व्होल्टवर चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर, लाव, आयआरएलझेड ४४ एन सहज मिळतो, ५ व्होल्टच्या गेटवर तो पट्टी आरामात चालवतो. गेटला १०० ओहम सिरीज आणि गेट-सोर्समध्ये १० किलोओहम, म्हणजे पॉवर येताना पट्टी उगीच लुकलुकणार नाही. कॉइलच नाही म्हटल्यावर झटका पण नाही आणि आवाज पण नाही, पहाटे पूजेच्या वेळी बाकीच्यांची झोपमोड नको.

चार्जर पण काढ. पट्टीच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवरूनच ७८ एल ०५ रेग्युलेटर लावून ५ व्होल्ट कर, अ‍ॅडॅप्टर मात्र चांगला घे. तिथून मॉड्यूलकडे जाताना १०० ओहम सिरीज, आणि मॉड्यूलच्या पिनांवर, अगदी पिनांवर हां, दूर नाही, एक १०० मायक्रोफॅरड आणि एक ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक लाव. मॉड्यूलचा करंट अगदी कमी असल्यामुळे या रेझिस्टन्सनं व्होल्टेज फारसं पडत नाही आणि नॉइज मात्र चांगला गाळला जातो. रिले ठेवावाच लागला, उद्या २३० व्होल्टचा दिवा लावायचा असेल समज, तर कॉइलला उलटा १एन४००७ डायोड लाव आणि रिलेच्या ५ व्होल्टची वायर मॉड्यूलच्या वायरीतून पुढे न नेता थेट सप्लायपासून वेगळी आण.

दुसरी गोष्ट ती दोन फुटांची वायर. ती वायर नाहीये, ती सेन्सरच आहे! तांब्याच्या पट्टीइतकीच तीही बोट शोधतेय, आणि जवळून मेनची वायर गेली असेल तर ५० हर्ट्झ पण गोळा करतेय. मॉड्यूल उचलून तांब्याच्या पट्टीच्या पाठीलाच बसव, जोडणी बोटभर ठेव, आणि लांब करायच्याच असतील तर पॉवर, ग्राउंड आणि आउटपुट या तीन वायरी लांब कर, त्या कितीही वाकड्यातिकड्या गेल्या तरी फरक पडत नाही. तांब्याची पट्टी पण लहान कर, रुपयाच्या नाण्याएवढी पुरे. लाकूड आणि तांबं यांच्यात पोकळी ठेवू नको, एक मिलिमीटर हवा मध्ये आली तर ती सहा-सात मिलिमीटर काच मध्ये आल्यासारखी असते, मग बोट ओळखता यावं म्हणून आपण सेन्सर नको तितका तिखट करून ठेवतो. दुहेरी टेपनं घट्ट चिकटव, फळी हलली की पोकळी कमीजास्त होते आणि नुसतं दार आपटलं तरी लाईट लागतो.

समईचं कोडं आता तुला सुटलंच असेल, पितळेची एवढी मोठी वस्तू त्या लांब वायरीच्या आसपास ठेवलीय, ती उचलताना आज्जीचा हात तिला लागतो, म्हणजे तुझ्या सेन्सरच्या दृष्टीनं हातच मोठा झाला. वायर गेली की हे बहुतेक जाईल. नाही गेलं तर आता सेन्सिटिव्हिटी: मॉड्यूलवर एक कपॅसिटरची रिकामी जागा असते, सेन्सर आणि ग्राउंडच्या मधली, तिथे १० पिकोफॅरडपासून सुरू कर, मग १५, २२, ३३ असं वाढवत जा, ५० च्या पुढे जायचं नाही. जितका मोठा कपॅसिटर तितकी सेन्सिटिव्हिटी कमी. पण लक्षात ठेव, हे टीटीपी २२३ पुरतं आहे, एटी४२क्यूटी१०१० सारख्या चिपमध्ये बरोबर उलटं, तिथे मोठा कपॅसिटर लावला की सेन्सिटिव्हिटी वाढते, कुणाचं तरी सर्किट बघून आकडे उचलू नको.

आणि टेस्ट करताना पॉवर दिल्यावर लगेच हात लावायचा नाही. चिप पहिला अर्धा सेकंद स्थिर व्हायला घेते, आणि हात लावलेला नसताना दर चार सेकंदांनी स्वतःला पुन्हा कॅलिब्रेट करते, म्हणजे हात नसतानाचा आकडा नव्यानं धरते, त्यामुळे कपॅसिटर बदलला, काही सरकवलं, की जरा थांबून मगच बघ. बरेच जण इथेच फसतात, हात पट्टीवर ठेवूनच पॉवर देतात आणि मग मॉड्यूलला नावं ठेवतात.

प्रश्न: आमच्या बाथरूममधला एलईडी आरसा उन्हाळ्यात मस्त चालतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र आंघोळीनंतर आपोआप चालू-बंद होत राहतो. आरशाच्या कुठल्याही कोपऱ्याला हात लागला तरी लाईट लागतो ते वेगळंच. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: तुमच्या दोन तक्रारींपैकी दुसरीतच पहिलीचं उत्तर आहे. आरशाच्या पाठीमागचा चंदेरी थर धातूचा असतो. टचचा सेन्सर जिथे बसतो तिथला थर गोल खरवडून काढावा लागतो, नाहीतर सेन्सर त्या थराला जोडला जातो आणि अख्खा आरसाच स्विच होऊन बसतो. कोपऱ्याला हात लावला तरी लागतो म्हणजे तुमच्याकडे थर काढलेला नाही किंवा फार लहान गोल काढलाय. मग वाफ धरली, थेंब ओघळले, की ते सगळं त्या मोठ्या सेन्सरवर पडतं, आणि पाण्याचा डायइलेक्ट्रिक काँस्टंट (ती वस्तू मध्ये आली की कपॅसिटन्स किती पट होतो तो आकडा) ८० च्या आसपास आहे, काचेचा सहा-सात, त्यामुळे पाण्याचा थर सेन्सरला बोटासारखाच दिसतो. हवा हळूहळू दमट होते तेव्हा चिप जुळवून घेते, थेंब पटकन ओघळला की तिला वेळ मिळत नाही.

आरसेवाल्याकडून भिंतीवरून उतरवून, पॉवर बंद करून, सेन्सरभोवती दोन-अडीच इंचांचा गोल खरवडून घ्या, आणि खरवडलेल्या कडेला पारदर्शक लॅकर लावायला सांगा नाहीतर दमट हवेत तिथून काळे डाग पसरत जातात. सेन्सर आरशाच्या अगदी खालच्या कडेला असेल तर तो थोडा वर घेता येतो का विचारा, ओघळणारं पाणी खालीच साठतं. आरसा आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा, तुमच्याकडे पावसात भिंती ओल धरतात आणि ती ओल थेट सर्किटवर येते. आणि अंघोळीनंतर निदान अर्धा तास एक्झॉस्ट चालू राहू द्या. हे करूनही त्रास राहिला तर टचचा हट्ट सोडा, तिथे हात हलवला की चालणारा इन्फ्रारेड सेन्सर किंवा बाथरूमबाहेर साधं बटण, ओल्या जागेत हेच टिकतं.

प्रश्न: लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू झाला की घरातले तीन-चार टच दिवे आपोआप लागतात. लाईट परत आली की पुन्हा तेच. बॅटरी उगीच उतरते. (एक वाचक, लातूर)

उत्तर: इन्व्हर्टर बदलून घेतो त्या क्षणी वीज काही मिलिसेकंद तुटते. ती पूर्ण तुटली असती तर चिप नीट रिसेट झाली असती, पण आतला सप्लाय अर्धवट खाली येऊन परत चढतो आणि चिप चुकीचा आकडा धरून बसते. त्यातून तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्या लाटेच्या कडा उभ्या असतात, त्या सेन्सरला सतत टोचत राहतात. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर शेजाऱ्यांकडून किंवा दुकानातून तासभर आणून लावून बघा, फरक पडला तर घ्यायचा निर्णय सोपा होईल. टच बोर्ड नवीन घेणार असाल तर दुकानातच एक तपासा: दिवा बंद ठेवून प्लग काढा, लगेच परत लावा, असं चार-पाचदा करा, दर वेळी बंदच राहिला तर घ्या. आणि जे दिवे टचवर असलेच पाहिजेत असं नाही, जिन्यातला, बाहेरचा, ते खटक्याच्या बटणावर आणा.

प्रश्न: पाल काचेच्या बोर्डावरून गेली की दिवा लागतो. वर जाड प्लास्टिक चिकटवलं तर थांबेल का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: थांबेल, पण तुमचं बोट पण ओळखणार नाही किंवा दाबून दाबून लावावं लागेल. पालीचं पोट काचेला टेकलेलं असतं आणि तिचं अंग बोटासारखंच पाण्यानं भरलेलं, सेन्सरची यात काही चूक नाही. काही बोर्डांत लाँग टचची सेटिंग असते, सेकंदभर बोट ठेवलं तरच दिवा लागतो, ती असेल तर चालू करा, पाल सहसा एका जागी सेकंदभर थांबत नाही. तशी सेटिंग नसेल तर बोर्डाजवळचा रात्रभर चालू राहणारा दिवा दुसरीकडे हलवा, त्याच्यावर किडे येतात आणि किड्यांमागे पाल येते. बोर्ड उघडाल तेव्हा आत मुंग्यांचं वारूळ झालंय का तेही बघा, असेल तर मेन बंद करून कोरड्या ब्रशनं साफ करा, आत स्प्रे मारू नका, आणि बॉक्समध्ये येणाऱ्या पाइपचं तोंड सिलिकॉननं बंद करा.